चोवीस तास पंप चालवला की टाकी तयार? असं कोण म्हणालं!

राजवाड्यामागचा:
परवा इथे, मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर, एकाने लिहिलं, ‘नवी टाकी भरा, २४ तास पंप चालवा, मासे सोडा. सायकलिंग म्हणजे नेटवाल्यांची फॅडं. आमच्या काकांनी ३० वर्षं असंच केलंय.’ खाली अंगठ्यांची रांग. गप्प बसणार होतो, जमलं नाही.

भाऊ, २४ तासांत उडतो तो क्लोरीन. अमोनियाचं काय? तो माशाच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून रोज सुटतच राहतो. एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन विषं. तिसरं पाणी बदलत राहिलं की निभतं. हे जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, स्पंजला नि रेतीला धरून बसतात, आणि त्यांचा जम बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. हा जम बसवणं म्हणजेच सायकलिंग.

२०१९ मध्ये मी दोन दिवसांच्या टाकीत २६ गप्पी सोडले होते. आठवडाभर छान. दहाव्या दिवशी सगळे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतायत, आणि पाणी काचेसारखं नितळ! नायट्राइटने रक्त तपकिरी पडतं, ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. मग पंपाने कितीही बुडबुडे सोडू देत. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. तिला काय सांगणार?

रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाका, कुजू द्या, टेस्ट किटने मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चढून परत शून्यावर आले की मगच मासे.

काकांचा पुतण्या:
तो ‘एकाने’ मीच. २६ गप्पी एकदम तुम्ही सोडले आणि खटला माझ्या काकांवर? काका नव्या टाकीत दोन मोली सोडायचे, बस. खाणं चिमूटभर, तेही एक दिवसाआड. दर रविवारी दोन बादल्या पाणी बदल. आणि जुन्या टाकीतली मळकी रेती नव्या टाकीत पसरायचे, ‘नजर लागू नये’ म्हणून. किट-बिट काही नाही. एक मासा मेलेला मला आठवत नाही.

राजवाड्यामागचा:
अहो, मळकी रेती म्हणजेच तयार जीवाणू! काकांनी सायकलिंगच केलं की! मग पोस्टमध्ये ‘२४ तास’ एवढंच का लिहिलंत? रेती आणि रविवार कुठे गेले?

सुदामानगरची सून:
रेतीने नजर उतरते हे नवीनच. आमच्याकडे मासा मेला की सासूबाई म्हणतात, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. दोन महिन्यांत ११ संकटं टळली. शेवटी मी किट आणून मोजलं, अमोनिया ४ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४ मिलिग्रॅम, हवा शून्य. संकट तेच होतं.

जुनी इंदूर:
थोरांच्या श्रद्धेची अशी चारचौघांत टिंगल करू नये. आमच्याकडे आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश ठेवल्यापासून दुकान चाललंय.

सुदामानगरची सून:
टाकी केवढी?

जुनी इंदूर:
दीड फुटी.

सुदामानगरची सून:
दीड फुटात नऊ गोल्डफिश! दुकान चाललंय ते मासेवाल्याचं.

जुनी इंदूर:
तुमच्यासारख्या शिकलेल्यांमुळेच घरातलं घरपण गेलं. माझी आई वारली त्या आठवड्यात काळा मासा गेला होता. मोजा ते तुमच्या किटने.

सुदामानगरची सून:
आईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण काका, त्या माशाला कोणाचं संकट घ्यायचं नव्हतं. त्याला पाणी हवं होतं.

बोरिंगवाला:
श्रद्धेचं राहू द्या, पाण्याचं बोला. १९७८ मध्ये नळाने नर्मदा इंदूरला आली म्हणता, आमच्या गल्लीत ती एक दिवसाआड येते, तीही पहाटे. म्हणून टाकी बोरिंगच्या पाण्याची, पीएच ८ च्या वर, म्हणजे अल्कधर्मी. तेवढ्या पीएचला तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो, उन्हाळ्यात तर विचारूच नका. आणि लाइट बराच वेळ गेली तर स्पंजमधले जीवाणू गुदमरू लागतात, मग सहा आठवड्यांची मेहनत धोक्यात. यावर कोणी लिहीत नाही. सगळे सासूवर घसरतात.

राजवाड्यामागचा:
बॅटरीवरचा छोटा एअर पंप ठेवा. आणि मासे आत असताना नायट्राइट चढलंच, तर थोडं खडेमीठ विरघळवून घाला. क्लोराइडमुळे ते कल्ल्यांतून कमी शिरतं. आधी निम्मं पाणी बदला मात्र.

काकांचा पुतण्या:
बरं, ‘२४ तास’ ही माझी चूक. खूश? काकांची टाकी आजही चालू आहे, तुमच्या गप्पींचं मात्र तेरावं झालं, एवढं लक्षात असू द्या.

सुदामानगरची सून:
भांडण आटपलं असेल तर, काकांकडे एखादा जुना स्पंज मिळेल का? सहा आठवडे थांबायचा धीर नाही. त्यांच्याच टाकीचं पाणी घालून डब्यात आणीन, डबा माझा.

काकांचा पुतण्या:
मिळेल. रविवारी या, पाणी बदलायच्या वेळी. फक्त त्यांच्यासमोर ‘सायकलिंग’ म्हणू नका. मी परवा विचारलं तर म्हणाले, सायकल मी १९८५ लाच विकली.