चुकीचं नाव आलं तर -१ परत करू की एक्सेप्शन टाकू?

विरारफास्ट:
पायथनमध्ये चर्चगेट ते विरार भाड्याचा प्रोग्राम लिहितोय. स्टेशनचं नाव दिलं की फंक्शन यादीतला क्रमांक देतं, नाव सापडलं नाही तर -१. टीममधली ताई म्हणते, तिथे एक्सेप्शन टाक, म्हणजे चूक कळवून काम तिथेच थांबवणारा इशारा. एका स्पेलिंगसाठी प्रोग्राम बंद पाडायचा?

दादर_पूर्व:
ताईंचं ऐका. कुणी 'दादर'ऐवजी 'दादार' टाईप केलं, तुम्ही -१ दिलंत, आणि पुढच्या ओळीत तोच क्रमांक घेऊन अंतरांच्या यादीत गेलात. पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटची नोंद, म्हणजे विरार! दादरला उतरणाऱ्याला विरारचं भाडं लागलं आणि स्क्रीनवर काही लालसुद्धा झालं नाही. अशा गप्प बसणाऱ्या कोडचा मला मनापासून राग येतो. चूक होते एकीकडे आणि आपण शोधत बसतो भलतीकडे.

फंक्शनच्या सुरुवातीलाच तपासा. नाव यादीत नसेल तर व्हॅल्यूएरर नावाचं एक्सेप्शन, मजकुराऐवजी आकडाच आला असेल तर टाइपएरर. मेसेजमध्ये आलेली व्हॅल्यू जशीच्या तशी, अवतरणचिन्हांत घाला: असं स्टेशन नाही: 'दादर '. शेवटची ती मोकळी जागा तेव्हाच दिसते. नुसतं 'चुकीचा इनपुट' लिहिलंत तर रात्री लॉग बघणाऱ्याने करायचं काय? आणि असर्टवर (अट तपासणाऱ्या ओळीवर) विसंबू नका, ऑप्टिमाइझ फ्लॅग लावून चालवलं की असर्ट उडून जातात.

गोवाला:
युजर स्पेलिंग चुकणारच, त्यात अनपेक्षित काय? गो भाषेत आम्ही एरर दुसरी व्हॅल्यू म्हणून परत करतो. एक्सेलच्या शंभर ओळी आल्या आणि तिसरीलाच थांबलात तर माणूस वैतागेल.

दादर_पूर्व:
गोमधली एरर वेगळी येते, आकड्यात मिसळून येत नाही, म्हणून तेही चालतं. पण थांबायचं की नाही हे स्टेशन शोधणाऱ्या फंक्शनने ठरवूच नये. एक्सेल वाचणाऱ्या लूपमध्ये दर ओळीला व्हॅल्यूएरर पकडा, ओळ नंबर आणि मेसेज साठवा, शेवटी सगळ्या चुका एकदम दाखवा. फक्त व्हॅल्यूएररच पकडा हं. मोकळं एक्सेप्ट (कुठलीही चूक पकडणारं) लिहून खाली पास (काहीच करू नको) टाकलंत तर एक्सेप्शन टाकून उपयोग काय? स्क्रीनवर मात्र टायपिंग नको, ड्रॉपडाउन द्या.

विरारफास्ट:
पटलं. ड्रॉपडाउन दिला की फंक्शनमधला चेक काढू का?

दादर_पूर्व:
अजिबात नको. उद्या तेच फंक्शन दुसरं कुणीतरी ड्रॉपडाउनशिवाय कॉल करेल.