रोप, कॉर्ड, स्ट्रिंग, ट्वाइन... सगळ्याला 'दोरी'च लिहायचं का?

शब्दहमाल:
मंडळी मदत करा. एका ऑनलाइन दुकानाच्या मालाची माहिती मराठीत करून द्यायचं काम घेतलंय आणि कॉर्ड या एका शब्दाने डोकं उठवलंय. डिक्शनरीत बघितलं तर कॉर्ड म्हणजे दोरी, स्ट्रिंग म्हणजे दोरी, ट्वाइन म्हणजे दोरी, रोप म्हणजे दोर आणि दोन ओळी खाली परत दोरी. क्लायंटचं म्हणणं प्रत्येकाला वेगळा शब्द द्या नाहीतर सर्चमध्ये सगळा माल एकाच ठिकाणी येतो, ते त्याचं बरोबरच आहे म्हणा. पण त्याच्या यादीत खिडकीच्या ब्लाइंडची कॉर्ड आहे, ट्रेकिंगची आहे, ट्रॅकपँटची आहे, एक्स्टेंशन कॉर्डपण आहे. इंग्रजीत या सगळ्यांत नक्की फरक काय करतात? आणि मराठीत कुठला शब्द कुठे बसेल?

सह्यभटक्या:
इंग्रजीत ढोबळमानाने जाडीवर आहे. थ्रेड म्हणजे शिवायचा दोरा, त्यावर स्ट्रिंग आणि ट्वाइन, मग कॉर्ड, आणि सगळ्यात जाड तो रोप. ट्वाइन म्हणजे मुळात दोन पदर एकत्र पिळलेलं, आपली सुतळी त्यात बरोबर बसते. अमुक मिलिमीटरच्या पुढे रोपच म्हणायचं असा कायदा नाहीये, धंद्याप्रमाणे बदलतं.

पण आमच्या क्लाइंबिंगमध्ये हा फरक गळ्याशी येतो म्हणून ट्रेकिंगच्या मालाला सरसकट दोरी लिहू नका प्लीज. प्रुसिक नावाची गाठ असते, कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने 1931 मध्ये लोकांसमोर आणली. मुख्य रोपावर बारीक कॉर्डचे वेढे देऊन मारायची, भार आला की ती रोपाला आवळून धरते, भार काढला की हाताने वर सरकवता येते. आता रोप साडेदहा मिलिमीटरचा असेल तर प्रुसिकला साधारण सहाची कॉर्ड घेतात. दोन्ही एकाच जाडीचे घेतले तर गाठ धरतच नाही, घसरते. म्हणजे 'दोरीवर दोरी बांधा' असं भाषांतर वाचून कोणी कड्यावर गेला तर संपलंच. आम्ही आपसात रोप आणि कॉर्डच म्हणतो, तसंच ठेवा.

आणि पॅराकॉर्ड असेल तर त्यावर बहुतेक 550 लिहिलेलं असेल, ते तिची भार पेलायची ताकद, 550 पौंड, म्हणजे अंदाजे 250 किलो. मूळची पॅराशूटची दोरी ती. तंबू ताणायला, सामान बांधायला उत्तम. माणूस लटकवायला नाही, हे मराठीत ठळक लिहा.

बांधावरून:
डिक्शनरीवाल्यांनी गावाकडं येऊन विचारलं असतं तर ही वेळ आली नसती. आमच्याकडं नुसती दोरी असं कोण म्हणत नाही, कशाची ते कामावरनं कळतं. बैलाच्या नाकातली ती येसण, तोंडावरची म्होरकी, खुट्ट्याला बांधायचं ते दावं, आणि येसणीपासनं हाकणाऱ्याच्या हातात येतो तो कासरा. कासरा तर वेळ सांगायलापण चालायचा, सकाळी उशीर झाला की आज्जा म्हणायचा कासराभर दिवस वर आलाय, ऊठ. विहिरीतनं पाणी ओढायच्या मोटेला दोन दोर, जाड तो नाडा आणि बारीक तो सोंदूर, एक दुसऱ्याच्या जागी लावून चालायचं नाही. जाडी आहेच की ह्याच्यात पण आधी काम, मग जाडी. तुमची इंग्रजी उलटी.

करायची पद्धत पण सांगतो, म्हणजे शब्द कुठनं आले ते कळंल. अंबाडी पाण्यात कुजवायची, साल सोलून वाख काढायचा, वाख पिळून पेड करायचा आणि तीन पेड परत एकमेकांवर उलट्या बाजूनं पिळायचे. ह्या उलट्या पिळामुळंच दोर सुटत नाही, एक सुटाया बघतो तर दुसरा आवळतो. आता सगळं नायलॉन झालंय, टिकतं बक्कळ पण जनावराच्या मानंला काचतं, आणि गाठ घसरती म्हणून टोक जाळून डांबरासारखा गोळा करून ठेवावा लागतो. असो, माझं चऱ्हाट लांबलं.

त्रिज्याताई:
@बांधावरून लांबू द्या, मस्त आहे.

मी गणित शिकवते म्हणून माझी भर. कॉर्डचं मूळ ग्रीकमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ आतडं, म्हणजे वाद्याला लावायची आतड्याची तार. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे, तात. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची ती, सारंगीच्या मुख्य तीन तारापण आतड्याच्याच. यातूनच भूमितीतली कॉर्ड आली, स्पेलिंगमध्ये एक एच जास्त. तिला आपण पाठ्यपुस्तकात जीवा म्हणतो, आणि गंमत म्हणजे जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी! ग्रीक आणि संस्कृत दोघांनाही वर्तुळातली ती रेघ बघून ताणलेली दोरीच आठवली.

पुढचं अजून भारी. आर्यभटाने 499 च्या सुमाराला अर्ध्या ज्येचं कोष्टक दिलं, ते अरबीत गेलं तेव्हा जीवाचं जिबा झालं. अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्यांनी तेच जैब वाचलं, म्हणजे कपड्याची घडी, छातीपाशी असते ती. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्याने घडीचा शब्द घातला, सायनस, आणि मुलं आज कॅल्क्युलेटरवर साइनचं बटण दाबतात. मधल्या मध्ये दोरी कुठल्या कुठे गेली. भाषांतराचं काम करताय म्हणून मुद्दाम सांगितलं :)

संगीतातली कॉर्ड मात्र वेगळी बरं का, ती अकॉर्ड म्हणजे मेळ यावरून आलीये, एच नंतर उगाच चिकटला.

शून्यापासून:
स्ट्रिंग राहिलं की. आमच्या प्रोग्रामिंगमध्ये स्ट्रिंग म्हणजे एकापुढे एक ओवलेली अक्षरं, तिथे दोरी लिहिलेलं मी एका ॲपच्या मराठीत खरंच पाहिलंय, 'अवैध दोरी' असा एरर होता. दोन मिनिटं समजेना की मी कोणता गुन्हा केलाय. स्ट्रिंगमध्ये ओवण्याचा अर्थ मोठा आहे, मोत्यांची स्ट्रिंग म्हणजे आपला सर. आणि सतारीची स्ट्रिंग म्हणजे तार, तिथेही दोरी नको.

@सह्यभटक्या जाडीचं सगळीकडे नाही चालत हो. स्पायनल कॉर्डला मेरुरज्जू म्हणतात, नाळेला अंबिलिकल कॉर्ड, आणि अमेरिकेत जळाऊ लाकडाचं मापच कॉर्ड आहे, 128 घनफूट. लाकडाचा ढीग पूर्वी दोरीने मोजायचे म्हणून म्हणे.

सह्यभटक्या:
मी ढोबळमानाने म्हटलं होतं राव. शरीर आणि लाकडं शब्दहमालच्या यादीत नाहीयेत.

शब्दहमाल:
अरे काय सुंदर लोक आहात तुम्ही सगळे. कामावरून नाव द्यायचं हे पटलं. मग असं करते: ट्रॅकपँटची ती नाडी, ट्वाइन ती सुतळी, ट्रेकिंगचं रोप आणि कॉर्ड तसंच, जाडी मिलिमीटरमध्ये शेजारी. ब्लाइंडला 'पडद्याची दोरी', आणि तिच्या खाली लहान मुलांच्या गळ्याला फास बसण्याचा इशारा आहे तो मोठ्या अक्षरात. कपडे वाळत घालायची वलणी म्हणू का? आमच्या घरी म्हणतात, पण पुण्यामुंबईत कळेल का माहीत नाही.

त्रिज्याताई:
वलणी कळते की, निदान माझ्या पिढीला. पण सर्चसाठी 'कपडे वाळत घालायची दोरी' हेही टाका.

शब्दहमाल:
टाकते. आणि एक्स्टेंशन कॉर्ड?

बांधावरून:
वायर. दोरी लिवलं तर पहिल्याच गिऱ्हाईकानं त्याला म्हैस बांधलीच म्हणून समजा.