मदत हवी आहे: टॉमकॅटवर अ‍ॅक्सिस२ चं नाव बदललं, पण डब्ल्यूएसडीएलमध्ये जुनाच पत्ता येतोय

टॉमकॅट (जावा अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) ९, जावा ८. अ‍ॅक्सिस२ (वेब सर्व्हिसेस चालवणारं इंजिन) ची वॉर फाइल (अ‍ॅपचं पॅकेज) 'पेरोल' असं नाव देऊन वेबअ‍ॅप्समध्ये टाकली, आमच्या दोन सर्व्हिसेसच्या एएआर फाइल्स (प्रत्येक सर्व्हिसचं पॅकेज) वेब-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरमध्ये आहेत. ब्राउझरमध्ये /पेरोल/सर्व्हिसेस खाली दोन्ही दिसतात, डब्ल्यूएसडीएलपण (सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल) उघडतं, पण आत सोप अ‍ॅड्रेस बघितला तर तिथे /अ‍ॅक्सिस२/सर्व्हिसेस! त्यावरून बनवलेला क्लायंट त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या टीमच्या अ‍ॅक्सिस२ वर जाऊन आपटतो आणि 'सर्व्हिस कॅननॉट बी फाउंड फॉर द एंडपॉइंट रेफरन्स' मिळतं.

करून झालेलं: टॉमकॅट बंद करून वॉरमधून उघडलेलं फोल्डर आणि वर्क फोल्डर दोन्ही उडवले, परत डिप्लॉय केलं, तेच. मेटा-इन्फच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये पाथ लिहिला, नंतर कळलं की तिथला पाथ टॉमकॅट बघतच नाही, अर्धा दिवस गेला. अ‍ॅक्सिस२ च्या एक्सएमएलमध्ये कॉन्टेक्स्टरूटची (पत्त्यातलं अ‍ॅपचं नाव) ओळ कमेंटमधून काढून 'पेरोल' केली, रीस्टार्टपण केला, एका सर्व्हिसचा पत्ता सुधारला, दुसरीचा नाही.

ही दुसरी जी आहे तिच्या एएआरमध्ये हाताने लिहिलेलं डब्ल्यूएसडीएल आहे आणि यूझ-ओरिजिनल-डब्ल्यूएसडीएल (मूळ फाइलच द्यायची सेटिंग) ट्रू आहे, ते फॉल्स करता येत नाही कारण क्लायंटवाल्यांना टाइप्सची नावं तीच लागतात. सर्व्हर.एक्सएमएलला हात लावायची परवानगी नाही, पुढे प्रॉक्सी वगैरे काही नाही.

तर मूळ डब्ल्यूएसडीएल ठेवून फक्त पोर्टचा पत्ता रनटाइमला बदलायचा असेल तर सर्व्हिसेस.एक्सएमएलमध्ये नेमकं कुठलं पॅरामीटर टाकायचं, की फाइलमधलाच पत्ता हाताने बदलून एएआर परत बनवावी लागेल?