कोडमधल्या टाइपवर, म्हणजे माहितीच्या प्रकारांवर (आकडा, मजकूर, तारीख), बोलायचंय, पण 'टाइप सिस्टीम' हा शब्द न उच्चारता. जमेल का?

धोटा:
पुढच्या महिन्यात आपल्या सोलापूरच्या मीटअपमध्ये मला चाळीस मिनिटं मिळाली आहेत. समोर डिप्लोमा-इंजिनिअरिंगची पोरं, दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअरं लिहिणारे दोघे-तिघे आणि जुळे सोलापुरात घरी बसून पुण्याचं काम करणारे. बहुतेकांचा हात जावास्क्रिप्ट नाहीतर पीएचपीवर.

सुरुवात सुताच्या नंबरापासून करणार. वीस काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या वीस लडी. नंबर वाढला की सूत बारीक. डेनियरचं उलटं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, त्यामुळे नंबर वाढला की धागा जाड. वीस काउंट म्हणजे साधारण २६६ डेनियर. कोडमध्ये मात्र दोन्ही नुसते आकडे. एका टॉवेल कारखान्याच्या प्रोग्राममध्ये मी काउंटच्या जागी डेनियर दिला होता. प्रोग्रामनं हूं की चूं केलं नाही, सूत तेरा पट कमी लागेल असा हिशेब छापून दिला. जॉबर मामांनी, म्हणजे मागांवर देखरेख करणाऱ्या मुकादमांनी, कागद बघितला आणि हसून परत दिला.

मामांचं हे काम कंपायलरकडून, म्हणजे कोड चालण्याआधी तपासणाऱ्या प्रोग्रामकडून, करून घ्यायचं, एवढंच सांगायचंय. काउंट आणि डेनियर असे दोन वेगळे टाइप केले की अदलाबदल झाल्या झाल्या कोडखाली चूक दाखवणारी लाल रेघ. मोनाड, व्हेरियन्स वगैरे जड शब्द तोंडातून काढणार नाही. कसं वाटतं?

कडक_भाकरी:
उदाहरण झकास, निष्कर्ष अमान्य. तुझ्या फंक्शनमध्ये त्या आकड्याचं नाव काय होतं? 'नंबर'च असणार. 'काउंट' ठेवलं असतंस आणि एक टेस्ट लिहिली असतीस तर मामांना हसायची वेळ आली नसती. माझी पीएचपीतली बिलं नव्या पेठेत वर्षानुवर्षं निघतायत, टाइपवाचून काही अडलं नाही.

धोटा:
नाव माणूस वाचतो, आणि रात्री अकराला माणूस काहीही वाचतो. नासाचं मंगळाकडे गेलेलं यान १९९९ मध्ये असंच वाया गेलं ना? एका सॉफ्टवेअरनं पौंड-सेकंदात आकडे दिले, दुसऱ्यानं ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. मेट्रिक वापरा असं कागदावर लिहिलेलं होतं. तरीही.

कडक_भाकरी:
टॉवेलावरून थेट मंगळावर गेलास की बे! बरं, तिथलंच घे. एका प्रोग्रामनं फाइल लिहिली, दुसऱ्यानं वाचली. फाइलीला कुठला टाइप? तुझा कंपायलर तिथं काय उपटणार होता? हे उदाहरण तुझ्याच विरोधात जातंय.

सात_रस्ता:
भाकरींचा मुद्दा खरा आहे, आणि धोट्याच्या बेतात आणखी एक भोक आहे. टाइपस्क्रिप्टमध्ये (जावास्क्रिप्टला टाइप जोडणारी भाषा) काउंट आणि डेनियर ही 'नंबर'ला नुसती टोपणनावं दिलीत तर लाल रेघ येणारच नाही. ती भाषा टाइपचं नाव बघत नाही, घडण बघते; आणि घडण दोघांची एकच. आकड्याला खोटा शिक्का चिकटवावा लागतो, त्याला ब्रँडेड टाइप म्हणतात. स्टेजवर डेमो फसला असता तुमचा.

शिवाय प्रोग्राम चालताना हे टाइप शिल्लकच राहत नाहीत. गिऱ्हाईक एक्सेल अपलोड करतो तेव्हा आत येतो तो मजकूर. म्हणून दारावरच एक फंक्शन ठेवा: मजकूर घ्यायचा, एकक तपासायचं, मगच शिक्का मारायचा. आतल्या कोडनं शिक्क्याशिवाय काही घ्यायचंच नाही. माझं मत विचाराल तर निम्मा वेळ या दारावरच द्या, तीच खरी युक्ती आहे. रस्ट भाषेत हे जास्त सरळ दिसतं, पण चाळीस मिनिटांत अर्धा वेळ इन्स्टॉल करण्यातच जाईल.

इंद्रभुवन:
मला वेगळीच गोष्ट खटकली. शब्द लपवायचे कशाला? आपली पोरं हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला मुलाखतीला जातात. तिथं कुणी 'सम टाइप म्हणजे काय' विचारलं (ठरलेल्या पर्यायांपैकी नेमका एकच असू शकतो असा टाइप) की तोंडाकडे बघत बसतात, आणि कल्पना तर रोज वापरत असतात. सोपं करणं आणि नाव न सांगणं यात फरक आहे. आधी सूत दाखवा, मग म्हणा, 'आकड्याला असा स्वतंत्र टाइप देणं, याला न्यूटाइप म्हणतात'. एवढ्यानं कुणी उठून जात नाही.

धोटा:
सात रस्ता, वाचवलंत. मी टोपणनावंच देणार होतो. यानाची गोष्ट भाषणातून काढून टाकली. इंद्रभुवन, नावं सांगतो, पण प्रत्येक युक्ती दाखवून झाल्यावर. शेवटच्या दहा मिनिटांत सम टाइप घ्यावा म्हणतो: ऑर्डर 'रद्द' आहे आणि पाठवल्याची तारीखही भरलेली आहे, असं रेकॉर्ड तयारच होऊ द्यायचं नाही.

सात_रस्ता:
नको. एका भाषणात एकच गोष्ट. दोन सांगितल्या की घरी जाताना एकही डोक्यात राहत नाही.

इंद्रभुवन:
साफ असहमत. बिलिंगवाल्यांना रोज छळतं ते हेच. सूत नाही, रद्द ऑर्डरी!

कडक_भाकरी:
यावर मात्र इंद्रभुवनशी सहमत. मागच्या दिवाळीत रद्द झालेली ऑर्डर माझ्याच प्रोग्राममधून ट्रकात चढली होती. येतो मी, पहिल्या रांगेत बसतो. फाइलीचा प्रश्न मात्र विचारणारच.