मदत हवी आहे : ट्यूब अॅम्पवर घरी बसवलेला टोन मंचावर टिकत नाही

जळगाव_गिटार :
घरी माझ्या ट्यूब अॅम्पचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अॅम्प्लिफायरचा) आवाज भरदार आणि चमकदार येतो. मात्र मंचावर ढोलकी, कीबोर्ड आणि बास सुरू झाले की गिटार ऐकूच येत नाही, आणि आवाज वाढवला की नुसता घुमारा होतो. येत्या शनिवारी अमळनेरला हळदीचा कार्यक्रम असून बहुतेक गाणी अहिराणी आहेत. कृपया नेमक्या सेटिंग्ज लवकर सांगाव्यात.

तापीकाठ :
अॅम्प किती वॅटचा आहे, त्यात पॉवर ट्यूब (स्पीकरला ताकद देणाऱ्या) कोणत्या आहेत, गिटारचे पिकअप (तारांचा सूर पकडणारे भाग) हंबकर आहेत की सिंगल कॉइल आणि सध्या बटणे कुठे ठेवली आहेत, हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

जळगाव_गिटार :
४० वॅटचा काँबो (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), दोन ईएल३४ पॉवर ट्यूब, १२ इंची एक स्पीकर, गिटारला हंबकर. गेन (आवाज फाटण्याचे प्रमाण) ७, बास ८, मिड २, ट्रेबल ८. घरी मास्टर (एकूण आवाज) १ च्या आसपास असतो. नवीन काही विकत घ्यायचे नाही.

भुसावळचा_वादक :
ईएल३४ काढून ६एल६ ट्यूब बसवा. माझ्या अॅम्पमध्ये तो बदल केल्यापासून खालचे सूर घट्ट आणि स्वच्छ झाले आहेत.

जुना_रेडिओवाला :
भाऊ, हा सल्ला असा उघड्यावर देऊ नका. त्या अॅम्पची रचना दोन्ही प्रकारच्या ट्यूबना चालते का हे आधी पाहावे लागते, आणि चालत असली तरी बायस (ट्यूबमधून वाहणाऱ्या प्रवाहाची सेटिंग) पुन्हा लावावा लागतो. मी व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्यूबचेच, रेडिओ दुरुस्त करत आलो आहे. अॅम्प बंद करून प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून घरच्या घरी मागचे झाकण उघडू नये. स्पीकरची वायर काढून अॅम्प वाजवू नये, कारण त्याने आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

भुसावळचा_वादक :
बायस तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा, हे माझेही म्हणणे आहे. पण ट्यूब बदलल्याने टोन बदलतो, ही गोष्ट खोटी नाही.

तापीकाठ :
बदलतो, परंतु इथे दोष ट्यूबचा नाही. आवाज लहान असताना कानाला बास फार कमी ऐकू येतो, हे ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. त्यामुळे मास्टर १ वर ठेवून बसवलेला ८ चा बास मंचावरच्या मोठ्या आवाजात बोजड होतो. दुसरीकडे, गिटार ज्या मधल्या पट्टीत ऐकू येते ती पट्टी तुम्ही मिड २ वर ठेवून स्वतःच काढून टाकली आहे, आणि उरलेली जागा कीबोर्ड व्यापतो. अशा बहुतेक अॅम्पमधली टोनची बटणे निष्क्रिय असतात, म्हणजे मिड पूर्ण फिरवला तरी तो काही वाढवत नाही, फक्त कापणे थांबवतो; त्यामुळे ७ वर न्यायला बिचकू नका. सुरुवातीला बास ३, मिड ७, ट्रेबल ५ आणि गेन ४ ठेवा, आणि आवाज मास्टरने वाढवा. घरी एकट्याने ऐकताना हा टोन नाकातून आल्यासारखा वाटेल, तरी तो तिथे बदलू नका. सगळे वादक सोबत वाजत असतानाच ठरवा.

धुळेकर_साउंड :
मंडपात वीज जनरेटरची आहे का, हेही पाहा. पुरवठा २३० ऐवजी २०० व्होल्ट झाला, तर ट्यूबच्या हीटरला ६.३ ऐवजी सुमारे ५.५ व्होल्ट मिळतात आणि आवाज मरगळतो. ज्यांचा अॅम्प अमेरिकेतून आणलेला, १२० व्होल्टचा आहे, त्यांनी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय तो इथल्या विजेला जोडू नये.

जळगाव_गिटार :
माझा अॅम्प २३० व्होल्टचाच आहे. बास आणि मिड बदलून पाहिले, गिटार आता बरीच पुढे आली आहे. पण ओव्हरड्राइव्ह (फाटलेल्या आवाजाच्या) चॅनलवर अजून चिखल होतो. डिलेचा (प्रतिध्वनी देणारा) पेडल त्याला कारण असेल का?

तापीकाठ :
डिले गिटार आणि अॅम्पच्या मध्ये जोडला असेल, तर हो. तसे असल्यास प्रत्येक प्रतिध्वनी प्रीअॅम्पच्या (अॅम्पमधल्या पहिल्या टप्प्याच्या) ट्यूबमधून जाऊन मूळ सुराबरोबर पुन्हा फाटतो. अॅम्पच्या मागे इफेक्ट्स लूप (प्रीअॅम्पनंतर पेडल जोडायची सोय) असेल, तर त्याच्या सेंडमधून डिलेच्या इनपुटला आणि डिलेच्या आउटपुटमधून रिटर्नला वायर द्या. शिवाय १२ इंची स्पीकरचा ट्रेबल सरळ समोर जातो, त्यामुळे अॅम्प जमिनीवर ठेवल्यास तो तुमच्या पोटऱ्यांपाशी राहतो आणि समोर बसलेल्यांच्या कानात टोचतो. अॅम्प खुर्चीवर थोडा मागे कलवून ठेवा, आणि ट्रेबल किती हवा ते त्याच्या समोर काही पावलांवर उभे राहून ठरवा.