स्कूटरचा जुना पॅक इन्व्हर्टरला? जरा दमानं घ्या

मिरजेचा तारवाला: काल कुणीतरी लिहिलं, ‘ट्युब्युलर (पाणी घालावं लागणारी शिसे-ॲसिडची बॅटरी) म्हणजे पैसे कृष्णेत. जुन्या ई-स्कूटरचा पॅक जोडा, फुकटात काम.’ अहो, घरोघरी इन्व्हर्टर १२ व्होल्टचे आहेत! ६० व्होल्टचा १६ सेलचा एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम) पॅक फुल झाला की ६७.२ व्होल्ट. ४८ चा इन्व्हर्टरसुद्धा तो झेलणार नाही. आतले कपॅसिटर आधी फुगतील. घरी लिथियम हवीच असेल तर एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) घ्या, ४ सेलची, १२.८ व्होल्टची. एनएमसी तापली की लवकर भडकते. ती पलंगाखाली नको.

लिथियमप्रेमी: पॅकचं मान्य, माझं चुकलं. पण हिशेब बघा. १५० एएच (अँपिअर-अवर) ट्युब्युलर १८०० वॅट-अवर, आयुष्य हवं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. १०० एएच एलएफपी १२८०, त्यातले ११५० बिनधास्त वापरा. दोन पंखे, चार एलईडी, राउटर मिळून २०० वॅट. इन्व्हर्टरचा तोटा धरून २३५. पावणेचार तास विरुद्ध पावणेपाच. वर चार्जिंग झटपट!

मिरजेचा तारवाला: झटपट कसं? इन्व्हर्टरचा चार्जर १५ अँपिअरचा. बॅटरी ५० घ्यायला तयार असली तरी देणार कोण? १०० एएचला सात तास लागणारच. आणि लिथियम मोड नसलेल्या इन्व्हर्टरनं इक्वलायझेशनला (सगळे सेल सारखे करायच्या जादा चार्जला) १५ च्या वर व्होल्ट दिले, की बीएमएस (बॅटरीतलं राखणदार सर्किट) जोडणी तोडतो आणि इन्व्हर्टर ‘बॅटरी नाही’ म्हणून बोंबलतो. एलएफपीला १४.६ ही शेवटची मर्यादा.

विश्रामबागकर: ट्युब्युलर लवकर जाते त्याचा मूळ रोग पाण्याचा आहे. लोक बोअरचं नाहीतर आरओचं पाणी ओततात आणि ‘कंपनी चोर’ म्हणतात. आरओ म्हणजे डिस्टिल्ड नव्हे! क्षार प्लेटांना खातात.

लिथियमप्रेमी: म्हणूनच म्हणतो, पाणी घालायची कटकटच नको. आणि सांगलीत खरा प्रश्न पुराचा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. पन्नास किलोची ट्युब्युलर रात्री माडीवर कोण नेणार? आडवी झाली की ॲसिड जिन्यावर. १०० एएच एलएफपी बारा-तेरा किलो. शाळकरी पोरगं उचलतं. शिवाय माझी आयपी६७ आहे, बुडली तरी काही होत नाही.

मिरजेचा तारवाला: आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. २०१९ च्या पुराचं पाणी ३० मिनिटांत ओसरलं होतं काय?

लिथियमप्रेमी: टोमणे नकोत, उत्तर द्या.

मिरजेचा तारवाला: घ्या. इशारा आला की आधी मेन बंद, मग इन्व्हर्टर, मग निगेटिव्ह वायर, शेवटी पॉझिटिव्ह. बॅटरी माडीवर. राहिलीच खाली, तर बुडालेली लिथियम उन्हात वाळवून चार्जिंगला लावायची नाही. आत गाळ नि ओल राहते, शॉर्ट होऊन पेटू शकते. उघड्यावर, घरापासून लांब ठेवा. बुडालेल्या ट्युब्युलरच्या झाकणांतून गढूळ पाणी शिरतं. ती भंगारात गेली तरी एक्सचेंजला पैसे मिळतात. तुमच्या एलएफपीला कोण विचारतो?

 

लिथियमप्रेमी: पुरापुरतं तुमचं बरोबर, धरा! बदल्यात वजनाचं माझं बरोबर.

मिरजेचा तारवाला: वजनाचं कधीच नाकारलं नव्हतं. इन्व्हर्टरचा मॉडेल नंबर टाका, लिथियम मोड आहे का बघतो.