सोसायटीची पाण्याची लाइन फुटली आहे, तातडीने मदत हवी

तळमजला:
पार्किंगमधल्या ब्लॉकच्या फटींतून दोन दिवस पाणी वर येतंय. काल प्लंबरने उकरून क्लॅम्प (गळतीवर आवळायचा पट्टा) मारला. आज सकाळी वीतभर पुढे नवी गळती! तो म्हणतो, अख्खी लाइन बदला. सेक्रेटरी म्हणतात, रविवारी मीटिंग घेऊ. टाकी अर्धीही भरत नाही. क्लॅम्पवर महिना निघेल का? लवकर सांगा.

पान्हा:
गाव कुठलं? पाइप कसला, किती इंची? गळती मीटरच्या आधी की नंतर? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

रविराज_क:
आम्ही सगळं सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा पाइप) करून घेतलं, आठ वर्षं बघावं लागलं नाही. तेच करा.

पान्हा:
पार्किंगखाली सीपीव्हीसी? वरून गाड्या जाणार, तडकेल. ते घरातल्या गरम पाण्याला ठीक. जमिनीखाली एचडीपीईच (काळा प्लास्टिक पाइप) घाला, लवचिक असतो, गंजत नाही, सांधेही कमी.

रविराज_क:
आमचा जमिनीखालीच आहे. तडकला नाही.

ठाणेकर:
प्लंबरला काम काढायचंय. तानसा धरण 1892 चं, मुंबई अजून ते पाणी पितेय. जुनं काम मजबूतच असतं.

पान्हा:
धरण जुनं आहे हो. तिथल्या जुन्या जलवाहिन्या पालिकेला बदलाव्याच लागल्या.

तळमजला:
पुणे. इमारत 1991 ची, लाइन तेव्हाचीच, दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप). गळती मीटरनंतर. काढलेला तुकडा समोर आहे. आत गंजाचे पापुद्रे, बोट जेमतेम जातं. पान्हा लावला तर आटेच चुरा होऊन पडले. सकाळी पहिली पाच मिनिटं पाणी गढूळ येतं, वासही येतो.

सुमेधा:
वास येतो हे आधी सांगायचं ना! जवळून ड्रेनेज जातं का? पाणी गेलं की लाइनीत दाब राहत नाही आणि बाहेरची घाण त्याच भोकातून आत ओढली जाते. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याकडे जीबीएसचे (नसांवर परिणाम करणारा गियाँ-बारे आजार) रुग्ण वाढले तेव्हा पाण्यावरच संशय होता. आजपासून सगळ्यांना उकळून प्यायला सांगा. टाकी रिकामी करून धुवा.

गच्ची_वाला:
आम्ही वॉटरप्रूफिंगचे तीन हात मारले, थेंबही येत नाही.

तळमजला:
अहो, गच्ची नाही, जमिनीखालची लाइन आहे.
सुमेधाताई, ड्रेनेजचा चेंबर दीड फुटावर आहे. वर सहा महिन्यांचं बाळ आहे. हा तुकडा घेऊन आत्ताच सेक्रेटरींकडे जातो. पण उद्या सकाळचं काय?

पान्हा:
क्लॅम्पचा नाद सोडा. मीटरच्या पुढे जुनी लाइन तोडून टोपी लावा. तिथून टाकीपर्यंत एचडीपीई भिंतीच्या कडेने उघडाच ओढा, कॉम्प्रेशन फिटिंगवर (आवळून बसवायचे जोड) अर्ध्या दिवसात होतं. चेंबरपासून लांब ठेवा. मीटरला हात लावायचा तर परवानाधारक प्लंबरच हवा. मीटर ते टाकी अंतर किती?

तळमजला:
आत्ता मोजलं. 42 फूट. सेक्रेटरी तुकडा बघून हो म्हणाले. पाइप आणायला निघालोय.